पाच खुर्च्यांची बेरीज

थोरलीच्या स्कूटरचा डावा आरसा फुटला आहे. आठ दिवस झाले, माझ्या डोक्यातून तो आरसा जात नाही. ती म्हणते, उभ्या गाडीला कुणीतरी धक्का दिला. उभ्या गाडीला धक्का लागून आरसा फुटेल, ब्रेकची दांडीही वाकेल, एक वेळ मानू. पण त्याने गाडीवर नसलेल्या माणसाचं कोपर कसं सोलवटेल? ते कोपर मी पाहिलं आहे. लांब बाह्यांचा शर्ट घालून ती भांडी विसळत होती, बाही वर सरकली आणि तिने ती चटकन खाली ओढली. मुलगी एकतीस वर्षांची, पण लपवण्याची तऱ्हा अजून सात वर्षांचीच.

शिवाय आरसा फुटला त्या सोमवारी रिंग सहा वाजून दहा मिनिटांनी आली होती, आणि ती घरी पोचली नऊला.

रिंग म्हणजे काय ते आधी सांगते. थोरली नगरपालिकेच्या आरोग्य विभागात नोकरीला लागली त्याला सहा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी एकदा तिला यायला फार उशीर झाला, तेव्हा मी तिच्या कार्यालयात अर्ध्या तासात तीनदा फोन केला. तिसऱ्या खेपेला तिथले कारकून वैतागले. "वहिनी, तुम्ही असा घडीघडी फोन केलात तर इथला फोन तुमच्याच नावावर करावा लागेल. मी सांगतो तसं करा. त्या निघाल्या की मी एक रिंग देईन. एकच. उचलू नका. वाजली की चहाचं आधण ठेवा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या घरचा फोन एकदा वाजतो आणि थांबतो. वाटेत प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्या टाकून ती चाळीस मिनिटांत घरी येते. सहा वर्षांत मी तो फोन कधी उचललेला नाही. रिंग वाजली नाही तर मात्र मी खिडकी सोडत नाही. "तुझ्या आईला मुलगी नकोय, तिला रिंग हवीय," असं हे थोरलीला म्हणतात. ह्यांना सगळ्याची थट्टा सुचते.

त्या सोमवारी मी सहा दहाला आधण ठेवलं. सात वाजता गॅस बंद केला. आठला पुन्हा पेटवला. नऊला ती आली आणि म्हणाली, "अचानक मीटिंग लागली, आई." मी चहा गाळला. कारकूनकाकांची रिंग खोटी नसते.

त्या काकांना सगळं कार्यालय टाचणीकाका म्हणतं. शर्टाच्या कॉलरच्या आतल्या बाजूला त्यांनी टाचण्यांची एक रांग खोवून ठेवलेली असते. कोणताही कागद हाती आला की त्याला त्याची प्रत टाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. नोकरीची चाळीस वर्षं भरत आली. तीन महिन्यांनी निवृत्त होतील. थोरली नवी होती तेव्हा तिला काम त्यांनीच शिकवलं. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी होती तिच्याकडे, पण कोणत्या नळाच्या पाण्याबद्दल कुणाला कसं पत्र लिहायचं, कोणत्या खाणावळीचा मालक स्वयंपाकघर दाखवायच्या आधी मागचं दार बंद करतो, घरात गोवर आला की शेजारणीला काय विचारायचं, हे पदवीत नसतं.

मी त्या कार्यालयात डबा द्यायला चार-पाचदा गेले आहे. अग्निशामक बंबाच्या शेडमागे दोन खोल्या. एका खोलीत काकांचं टेबल, कपाटं आणि लसींचा फ्रिज. दुसऱ्या खोलीत पाच टेबलं आणि पाच खुर्च्या. एक टेबल पाण्याचं, एक लसीकरणाचं, एक साथीच्या रोगांचं, एक खाणावळींच्या तपासणीचं आणि एक जन्ममृत्यूच्या नोंदींचं. थोरली लागली तेव्हा त्या पाचही खुर्च्यांवर माणसं होती. खोलीत इतकी गजबज की डबा कुठे ठेवायचा हा प्रश्न पडे. मग लसीकरणाची परिचारिका नवऱ्याच्या बदलीमुळे गेली. तिच्या जागी कोणी आलं नाही. खाणावळींचा निरीक्षक निवृत्त झाला, तीही जागा तशीच. साथरोगवाल्याला मुख्यालयाने 'तात्पुरता' म्हणून नेला तो आजतागायत तात्पुरताच आहे. नोंदीवाली बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिकडूनच तिने राजीनामा धाडला.

राहिली पाण्याची खुर्ची. ती थोरलीची.

रिकाम्या खुर्च्या काढून टाकाव्यात असं कुणाला वाटेल. थोरलीने त्या ठेवल्या, आणि त्यांच्यावर बसायला लागली. सकाळी नऊ ते अकरा लसीची खुर्ची. मग पाण्याची. दुपारी नोंदींची. त्या त्या टेबलावर त्या त्या कामाची वही, वेगळं पेन, वेगळा रबरी शिक्का. हे खूळ कशाला, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "आई, एकाच टेबलावर बसले तर सगळे एकदम येतात. दाखला हवाय तो, नळाची तक्रार करणारा, लसवाल्या बायका. कशात काय लिहिलं ते कळत नाही. एकदा पाण्याच्या वहीत मी बाळाचं वजन लिहिलं होतं. खुर्ची बदलली की डोकं बदलतं." गावालाही ते पाठ झालं. ती पाण्याच्या खुर्चीवर असेल तर दाखलेवाला दारातच बाकावर बसून राहतो. काकांनी तर तिला खुर्चीप्रमाणे हाका मारायला सुरुवात केली. "लससाहेब, चहा आलाय." "पाणीसाहेब, टेकडीमागच्या वस्तीतून फोन आहे." तीही तशीच. "पाणीसाहेब जेवायला गेलेत, काका. खाणावळसाहेब बोलतायत."

मला हसू यायचं. आता येत नाही.

कारण हे सोंग तिला मीच शिकवलं असं मला वाटत राहतं. ती दुसरीत होती तेव्हा शाळेच्या कार्यक्रमात पाच मुलींचं छोटं नाटुकलं होतं. आदल्या दिवशी चौघींना गालगुंड झालं. बाईंनी नाटुकलं रद्द केलं तर ही म्हणाली, मला सगळ्यांची वाक्यं येतात. आणि हिने खरंच पाचही जणींची कामं केली, रंगमंचाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाकडे पळत, स्वतःलाच प्रश्न विचारत आणि समोर जाऊन उत्तर देत. शेवटी घामाने डबडबलेली. सगळं सभागृह टाळ्या पिटत होतं. सर्वांत जास्त मी पिटल्या. घरी येऊन तिला ताप भरला. त्यातला ताप मला आता आठवतो, तेव्हा टाळ्याच आठवायच्या.

तर पाहणीची गोष्ट.

तीन वर्षांतून एकदा मुख्यालयाकडून सगळ्या स्थानिक आरोग्य विभागांची पाहणी होते. किती निधी आला, किती माणसं आहेत, काय काय काम होतं, ते लिहून घेतात आणि त्यावरून पुढच्या तीन वर्षांच्या जागा ठरतात. त्याचा फॉर्म तीन महिन्यांपूर्वी आला. अकरा पानांचा. थोरलीने तो दोन खुर्च्यांच्या मधल्या वेळात, तुकड्यातुकड्याने भरला. निधीच्या पानावर तिने पेट्रोलसमोर शून्य लिहिलं. पेट्रोलचा निधी येतच नाही, गाडीही तिची आणि पेट्रोलही तिचं, मग लिहिणार काय? त्यापुढच्या पानावर कामांची यादी होती. पाणीतपासणी, लसीकरण, साथरोग, खाणावळी, नोंदी. प्रत्येक कामासमोर रकाना: 'हे काम करणारे तांत्रिक कर्मचारी'. थोरलीने प्रत्येक ओळीत लिहिलं, एक. ते खरंच होतं. पाणी तपासणारा माणूस एक. लस टोचणारा माणूस एक. एकूण कार्यालयात माणसं किती, असा सरळ प्रश्न त्या अकरा पानांत कुठे नव्हताच. तो विचारावा असं कुणाला वाटलं नसावं.

रकान्याखाली 'एकूण' होतं. ती जागा तिने मोकळी सोडली आणि सही करून लसीकरणाला पळाली.

मोकळा रकाना टाचणीकाकांच्या हाती पडला. मला त्यांनी एकदा ऐकवलं होतं, "वहिनी, बेरजेचा रकाना मोकळा सोडला की त्यात कुणीही काहीही भरू शकतं. चाळीस वर्षांत माझा एक रकाना मोकळा गेलेला नाही." त्यांनी एकाखाली एक असे पाच एक पाहिले, खाली पाच लिहिलं, 'पडताळले' असं लिहून सही केली, प्रत टाचली आणि फॉर्म पाकिटात घातला. हात चाळीस वर्षांच्या सवयीने चालला. रोज त्या एकीलाच पाच नावांनी हाका मारणाऱ्या माणसाने तिला पाच मोजलं.

पाहणीवाली बाई प्रत्यक्ष येऊनही गेली. खांद्याला पिशवी, एका दिवसात चार कार्यालयं करायची होती तिला. थोरली तेव्हा वस्तीवर होती. बाईने दारातून आतल्या खोलीत पाहिलं. पाच टेबलं, पाच उघड्या वह्या, पाच पेनं, खुर्च्यांवर उशा. कामात असलेली माणसं जेवायला उठावीत तशी खोली. तिने फॉर्मवर बरोबरची खूण केली, काकांचा चहा प्यायली आणि गेली. तिचा तरी काय दोष?

गेल्या गुरुवारी उत्तर आलं. मला कळलं रविवारी, त्या दिवशीही वस्तीवर जाऊन आलेल्या थोरलीच्या पिशवीतून डबा काढताना. मी अर्थशास्त्राची पदवी घेतलेली बाई, आकड्यांचे तक्ते अजून वाचता येतात. तात्पुरते निष्कर्ष, असं वर छापलं होतं. आपल्या विभागात तांत्रिक कर्मचारी पाच. लोकसंख्येच्या मानाने पुरेसे. सबब पुढील तीन वर्षं नवीन भरती नाही. आणि खाली: शेजारच्या विभागात एकच कर्मचारी असल्याने आपल्या पाचांपैकी दोघांना पहिल्या तारखेपासून आठवड्यातील तीन दिवस तिकडे पाठवावे. हरकत असल्यास बुधवारी दुपारी बारापर्यंत, फॉर्म भरणाऱ्याच्या किंवा पडताळणाऱ्याच्या सहीने कळवावी. अगदी तळाला बारीक अक्षरात, चुकीची माहिती पडताळणाऱ्याची चौकशी होऊ शकेल.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवलं. तिला वेळ द्यावा, ती स्वतःच पाठवील हरकत, असं वाटलं. सोमवार गेला. आज मंगळवार. सकाळी डबा भरताना पुन्हा पाहिलं, पत्र तिथेच, घडीही माझीच.

आज रिंग सव्वासातला आली. आठला ती घरी पोचली. मी ताट वाढलं आणि ताटाशेजारी पत्र ठेवलं.

"हे काय?"

"तुझ्या पिशवीत होतं."

"डबा काढायला पिशवी उघडतेस का झडती घ्यायला?"

"दोन्हीला. उद्या बाराला मुदत संपते."

ह्यांनी चष्मा लावून पत्र हातात घेतलं. "पाच कर्मचारी? मग आपल्या घरी झोपते ती कितवी?"

थोरली हसली. बाप-लेकीचं हे नेहमीचं. मला हसायचं नव्हतं.

"एक ओळ लिहायची," मी म्हटलं. "माणूस एक आहे, बेरीज चुकली. सही करून टाक."

"लिहिली की पडताळणाऱ्याला बोलावणार. पडताळणारे कोण? काका."

"मग?"

"मग काय, आई! तीन महिने राहिलेत त्यांचे. चौकशी लागलेला माणूस निवृत्त होतो, पण सुटत नाही. काकांच्या आधीचे हेडक्लार्क एका हरवलेल्या वहीपायी दोन वर्षं मुख्यालयाच्या पायऱ्या झिजवत होते. काकांना मी तिथे उभं करू? ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्यांना?"

"त्यांना माहीत आहे हे पत्र आलंय ते?"

"टपाल त्या दिवशी मीच घेतलं. दाखवलं नाही."

"आणि पहिल्या तारखेला शेजारच्या गावी कोण जाणार?"

"मी."

"दोघांना बोलावलंय."

"दोघी म्हणून जाईन. तीनच दिवस आहेत आठवड्यातले."

"आणि इथे?"

"उरलेल्या तिघी बघतील की."

ह्या वेळी हेही हसले नाहीत. त्यांनी पत्र खाली ठेवलं आणि चष्मा काढून पुसत बसले. एरवी हे चष्मा पुसतात तेव्हा त्यांना काही दिसत नसतं. आज बहुतेक त्यांना पाहायचं नव्हतं.

मी तिच्या शर्टाची बाही वर केली. तिने हात ओढला नाही. खपली निघत आली होती, कडेने लाल.

"आरसा कसा फुटला?"

"सांगितलं ना, उभ्या गाडीला..."

"रिंग सहा दहाला आली होती. तू नऊला आलीस."

घास तसाच हातात. तो तिने परत ताटात ठेवला.

"डोळा लागला," ती म्हणाली. "प्रयोगशाळेच्या अलीकडच्या वळणावर. क्षणभर. जाग आली तेव्हा मी गवतात होते." मग एकदम आवाज चढवून, "बाटल्या फुटल्या, आई. सहाच्या सहा."

"आणि तू?"

"माझं काय, मी उठले. बाटल्या फुटल्या! टेकडीमागच्या वस्तीच्या नळांच्या होत्या. अंधार पडेपर्यंत तिथेच बसले, तोवर प्रयोगशाळा बंद झाली. मंगळवारी पुन्हा जाऊन नमुने घेतले. उत्तर गुरुवारी आलं, पाणी वाईट. गुरुवारी नळ बंद केले. सोमवारच्या बाटल्या पोचल्या असत्या तर बुधवारीच बंद झाले असते."

वस्तीतले अकरा जण जुलाबाने आजारी आहेत. दहा घरीच बरे होतायत. एक दोन वर्षांची मुलगी इस्पितळात आहे, सलाईनवर, धोका टळलाय म्हणतात. मला हे सगळं माहीत होतं, थोरली रोज सांगते. हा एक दिवस मात्र तिने सांगितला नव्हता.

"ह्या अकरांतले त्या एका दिवसातले किती," ती म्हणाली, "हे कोणत्या रकान्यात लिहू ते सांग. तू अर्थशास्त्रवाली ना!"

ह्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "जेव आधी," एवढंच म्हणाले.

ती जेवली. मी भीत भीत पुन्हा विषय काढला, की चौकशी लागेलच असं नाही, 'होऊ शकेल' लिहिलंय. ती उठून बेसिनपाशी गेली, हात धुतले, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आई, काकांना फोन करायचा नाही. तुझ्या मनात येणार, मला माहीत आहे. नाही करायचा. हो म्हण."

"अगं पण..."

"हो म्हण."

"बरं," मी म्हटलं.

आता पावणेदोन वाजलेत. ती पलीकडच्या खोलीत कपडेही न बदलता झोपली आहे. सकाळी सहाला निघायचंय, वस्तीवर घरोघर जाऊन कोण आजारी आहे ते पाहायचं, टाकीत औषध टाकायचं, मग परत येऊन लसीची खुर्ची. तेच वळण, तीच गाडी, आरसा अजून बसवलेला नाही. मी दारातून दोनदा पाहून आले. झोपेत तिचा उजवा हात मुठीत वळलेला आहे, अॅक्सिलरेटर धरावा तसा.

मी बरं म्हटलं आहे. तिला मी शब्द दिला की तो मोडत नाही, हे ती लहानपणापासून जाणते, म्हणूनच तिने माझ्याकडून शब्द काढून घेतला. मी थेट मुख्यालयाला कळवलं तर त्याला किंमत नाही, मी कोण? तिच्या नावाने ओळ खरडून सही ठोकावी हेही एकदा मनात येऊन गेलं. पुरती लाज वाटली.

मग मला जन्मनोंदीच्या वहीतली गोष्ट आठवली. ती मला थोरलीनेच सांगितली होती, नवी नवी असताना, डोळे मोठे करून. टाचणीकाकांनी एका बाळाच्या जन्माची तारीख वहीत एक दिवस पुढची लिहिली. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दाखला देऊनही झाला होता. दोन महिन्यांनी जुन्या प्रती चाळताना त्यांना स्वतःलाच ते दिसलं. रविवार होता. तेवढ्यासाठी कार्यालय उघडून त्यांनी वही काढली, चुकीच्या तारखेवर एकच सरळ रेघ मारली, खाली बरोबर तारीख, आणि समासात लिहिलं, 'माझी चूक', सही. मग नवा दाखला घेऊन त्या घरी चालत गेले. घरचे लोक म्हणाले, अहो एका दिवसाने काय होतंय? काका म्हणाले, "तुमचं काही होत नाही. माझं होतं."

त्या वेळी थोरली म्हणाली होती, "आई, मला असं काम करायचंय."

आणि आता तीच त्यांच्यापासून त्यांची चूक लपवून बसली आहे. त्यांना जपतेय. आपण एक शब्द न विचारता त्यांच्या वतीने ठरवून टाकलं, हे तिच्या ध्यानात आलेलं नाही. तीन महिन्यांनी ते आपल्या नेटक्या टेबलावरून उठतील, आणि पुढची तीन वर्षं ही गाडी दोन गावांत पळत राहील, आणि कधीतरी कुणीतरी त्यांना सांगेलच की थोरलीला एकटीला इतकं काम का पडलं. तेव्हा रेघ मारायला वहीच हाताशी नसेल. तेव्हा त्या माणसाला काय वाटेल? आणि वळणावर पुन्हा काही झालं तर? रिंग देणारे तेच. ती निघाली हे त्यांना ठाऊक, पोचली नाही हे मला ठाऊक.

चौकशी लागली तर मी काय करणार आहे, तेही ठरवून ठेवलं आहे. त्यांच्याबरोबर मुख्यालयाच्या पायऱ्यांवर मी जाऊन बसेन. मला दुसरं काम काय? डबाही नेईन. ते 'पडताळले' म्हणाले तेव्हा खोलीत पाच टेबलं होती, पाच वह्या होत्या, आणि तिथे बसणारी एकच मुलगी आहे, तिची आई मी आहे, हे मी कुणालाही सांगेन. पण हे पुढचं. आधी त्यांना विचारायला हवं. नको म्हणाले तर नको. त्यांनी नको म्हणावं, पण त्यांनी म्हणावं.

थोरली उठली की तिलाही सांगेन. तू मला बरं म्हणायला लावलंस, मी म्हटलं, आणि मोडलं. हवं तेवढं भांड. आठवडाभर बोलू नकोस. डबा नेऊ नकोस. पण आज वस्तीवर रिक्षाने जा.

टाचणीकाका पहाटे पाचला उठतात. थोरलीला लवकर निघायचं असलं की तिला उठवायला तेच तिच्या मोबाइलवर फोन करतात, आणि ती निघाली की मी त्यांना घरी एक रिंग देते, तीही ते उचलत नाहीत, त्यामुळे त्यांचा घरचा नंबर फ्रिजवर लिहून चिकटवलेला आहे. बारापर्यंत सात तास. सही करायला, पाकीट घेऊन मुख्यालयात जायला पुरे आहेत.

पाचला मी त्यांना फोन लावणार आहे. आमचा नंबर दिसला आणि एक रिंग झाली की त्यांना वाटेल, थोरली निघाली एवढंच वहिनींना कळवायचंय, आणि सवयीने ते उचलणार नाहीत. मी ठेवणार नाही. ते उचलेपर्यंत वाजू देणार आहे.